चाल सगळ्यांची, थाप एकाची

नांदेडहून नरसी, देगलूर करत हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर नायगाव आहे. या पट्ट्यात लग्नाच्या वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत, गणपतीच्या विसर्जनात आज जी हलगी घुमते, ती वाजवणारा माणूस पुष्कळदा त्या रस्त्यावर नसतो. त्याची थाप कधीतरी, कुठेतरी ध्वनिमुद्रित झालेली असते. संगणकावर ती कापून, तिचे तुकडे वेगळे करून, हवे तिथे हवे तितक्यांदा बसवून कुणीतरी नवा ट्रॅक केलेला असतो आणि तो पेनड्राइव्हवरून डीजेच्या गाडीपर्यंत पोचलेला असतो. मुद्रित आवाजातून उचललेला तुकडा म्हणजे सॅम्पल, तो तोडणे म्हणजे चॉप, तोडल्यावर निघालेला एकेक काप म्हणजे स्लाइस आणि गोल फिरत राहणारा तुकडा म्हणजे लूप. तालुक्याच्या गावात ट्रॅक करणाऱ्या कोणत्याही मुलाच्या तोंडी हे शब्द असतात. पण या कामाकडे कला म्हणून पाहणारे, तिचा इतिहास सांगणारे, तिच्यातले बरेवाईट तपासणारे मराठी लेखन फार थोडे आहे. ज्या कलेचा आवाज गावागावांत पोचला, तिच्याविषयी आपण बोलतो ते बहुधा फक्त तक्रारीच्या सुरात. हे पुस्तक ती उणीव भरून काढू पाहते आणि ही प्रस्तावना त्या विषयाचा एकंदर प्रदेश नव्या वाचकासमोर मांडते.

माझे म्हणणे आरंभीच सांगतो. आवाज कापून नवे गाणे रचणे ही आपल्याकडे परदेशातून अचानक येऊन पडलेली गोष्ट नाही. उसनी चाल घेऊन नवे गाणे बांधण्याची जी जुनी रीत मराठीत आहे, तिचेच हे पुढचे पाऊल आहे. मात्र या पावलाबरोबर एक नवे ऋण आले आहे. चाल उसनी घेतली तरी गाणारा गळा आपला असतो. सॅम्पल उचलताना दुसऱ्याचा गळा, दुसऱ्याचे मनगट, त्या दिवशीच्या त्याच्या श्वासासकट आपण घेतो. म्हणून या कलेचे कौशल्य आणि तिची नैतिकता वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवता येत नाही. चांगले कापायला मुळातला आवाज नीट ऐकावा लागतो, आणि इतके नीट ऐकल्यावर तो कोणाचा आहे हे विचारायचे टाळणे अवघड होते.

उसन्या चालीची रीत किती खोल आहे हे आठवून पाहावे. सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा घेतला, त्यातला गण आणि गवळण बदलून आपला विचार त्यात ओतला. आंबेडकरी जलशाने तोच साचा पुढे नेला. जत्रेत विकल्या जाणाऱ्या भीमगीतांच्या, देवीच्या गाण्यांच्या छोट्या पुस्तिकांत गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या गाजलेल्या गाण्याचा उल्लेख छापलेला असे. नोटेशनची गरज नव्हती, कारण चाल वाचणाऱ्याच्या कानात आधीच होती. कीर्तनकार, गोंधळी, आराधी, शाहीर या सगळ्यांनी ऐकलेले घेतले आणि आपले करून दिले. त्याला कुणी चोरी म्हटले नाही, आणि म्हणायचे कारणही नव्हते, कारण घेतलेली वस्तू प्रत्येक वेळी नव्या देहातून जात होती. सीमेवरच्या या मुलखात तर देवघेव भाषांच्याही पलीकडची आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. मराठीच्या शेजारी दखनी-उर्दू, तेलुगू, बंजाऱ्यांची गोरमाटी आणि लातूरच्या कडेला कन्नड अशी इथल्या कानांची घडण आहे. तेलंगणातल्या डप्पू या चर्मवाद्याचा तीनमार ठेका बिलोली-देगलूर-धर्माबादच्या वरातीत परका वाटत नाही. अशा जागी तुकडे जोडून गाणे करण्याची कला रुजली याचे नवल वाटू नये.

जगात या कलेचा प्रारंभ बहुतेक पुस्तके पॅरिसपासून सांगतात. तिथल्या रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये आगगाडीचे मुद्रित आवाज कापून, फिरवून, एकावर एक चढवून एक रचना केली, आणि आवाज ही स्वतंत्र वस्तू आहे, ती सुरावटीवाचूनही संगीताचा कच्चा माल होऊ शकते, असा विचार मांडला. पण त्याच्या चार वर्षे आधी, १९४४ मध्ये, कैरोत हलीम अल-दब्ब यांनी तारेवर मुद्रण करणारे यंत्र घेऊन ‘झार’ या अंगात येण्याच्या विधीतले बायकांचे गाणे टिपले आणि त्या आवाजांवर प्रक्रिया करून नवी रचना केली. मराठी वाचकाला पॅरिसच्या आगगाडीपेक्षा कैरोचे हे उदाहरण जवळचे वाटावे. जागरण, गोंधळ, देवीचा मेळा, पोतराजाचे येणे या सगळ्यांत आवाज आणि अंगात येणे यांचे नाते आपण ओळखतो. त्याचबरोबर एक प्रश्नही तिथे पहिल्याच दिवशी उभा होता: रचनाकाराचे नाव इतिहासात राहिले, गाणाऱ्या बायकांची नावे कुठे गेली?

दुसरा मोठा प्रवाह न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला, हिपहॉपचा. १९७३ च्या सुमारास डीजे कूल हर्क यांच्या लक्षात आले की नाचणारे लोक गाण्यातल्या एका ठरावीक जागेची वाट पाहतात, जिथे बाकी वाद्ये थांबतात आणि फक्त ड्रम उरतो. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून त्यांनी ती जागा लांबवत नेली. पुढे हे काम यंत्रांनी उचलले. १९७९ मध्ये आलेले फेअरलाइट फार महाग होते. १९८७ चे एसपी-१२०० आणि १९८८ चे एमपीसी-६० यांनी तुलनेने साध्या स्टुडिओत सॅम्पल पोचवले. एसपी-१२०० मध्ये सगळे मिळून १० सेकंदांचा आवाज मावत असे. जागा वाचावी म्हणून लोक ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर वाजवून घेत आणि यंत्रात शिरल्यावर तिचा वेग उतरवत; त्यात आवाज जरा खरबरीत, जाडसर होई. तो खरबरीतपणा हीच पुढे त्या संगीताची ओळख ठरली. टंचाईने घडवलेली शैली हा या कलेच्या इतिहासातला वारंवार येणारा प्रकार आहे, आणि आपल्याकडच्या कामाकडे पाहताना तो विसरता कामा नये. एमपीसीवर १६ गाद्या होत्या, बोटाने ठोकायच्या. कापलेले तुकडे त्यांच्यावर बसवून पुन्हा हाताने वाजवता येऊ लागले, म्हणजे कापणारा पुन्हा वादक झाला. जे डिला या निर्मात्याने यंत्राची ताल बरोबर करून देण्याची सोय बाजूला ठेवून थाप किंचित मागेपुढे पडू दिली. त्यांच्या २००६ च्या ‘डोनट्स’ या संग्रहाचा अभ्यास आजही होतो.

मग सॉफ्टवेअर आले. १९९४ मध्ये स्वीडनच्या प्रोपेलरहेडने रीसायकल काढले. लूपमधली प्रत्येक थाप कुठे सुरू होते हे ते ओळखत असे आणि तिथे तिथे काप देत असे. १९९७ मध्ये बेल्जियमहून फ्रूटीलूप्स आले. २००३ मध्ये त्याचे नाव एफएल स्टुडिओ झाले. २००१ मध्ये एबलटन लाइव्ह आले आणि गाण्याचा वेग स्वर न बदलता ताणण्याचे काम चालत्या कार्यक्रमात होऊ लागले. यांत मराठवाड्याच्या दृष्टीने एफएल स्टुडिओचे महत्त्व वेगळे सांगायला हवे. त्याचा मुख्य पडदा चौकोनांच्या ओळींचा आहे. ज्याला स्टाफ नोटेशन येत नाही, पण १६ मात्रांत थाप कुठे पडते हे अंगात भिनलेले आहे, त्याला तो पडदा लगेच कळतो. प्रोजेक्टची फाइल, म्हणजे पोरांच्या बोलीत ‘एफएलपी’, एकमेकांना देऊन उघडून पाहता येते. दुसऱ्याने काप कुठे दिला, बेस कसा बसवला हे शिकता येते. गुरूसमोर बसून शिकणे आणि पुस्तकातून शिकणे यांच्यामधला हा तिसरा मार्ग आहे, आणि या भागातली बरीचशी विद्या त्याच मार्गाने पसरली.

त्याआधी इथे जमीन तयार केली होती ती कॅसेटने. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ध्वनिमुद्रण मोजक्या कंपन्यांच्या हातातून सुटले. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात भारतातल्या या उलथापालथीचा अभ्यास केला आहे. मराठीत प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज घराघरांत, टपऱ्यांत, ट्रॅक्टरवर पोचले ते कॅसेटमुळे. लोकगायकाचा आवाज मोठ्या प्रमाणावर साठवला गेला, विकला गेला आणि नंतर कापला गेला, असा हा क्रम आहे. कॅसेटची सीडी झाली, सीडीची मेमरी कार्डावरची एमपी३ फाइल झाली आणि त्या फाइलीच्या पोटातून सॅम्पल निघाले. आज वरातीच्या ट्रॅकमध्ये ऐकू येणारा एखादा जुना भरदार गळा इतक्या पायऱ्या उतरून आलेला असतो, आणि प्रत्येक पायरीवर त्याच्या नावाचे एखादे अक्षर पुसट झालेले असते.

या सगळ्यातून आज काही ढंग वेगळे ओळखता येतात. एक ढंग मूळ गाणे जवळपास अखंड ठेवतो आणि खाली नवा ठेका घालतो. २००२ च्या सुमारास हिंदीत रिमिक्सची जी लाट आली ती या जातीची. त्यात कापण्याचे कसब कमी, बाजाराचा अंदाज जास्त. दुसरा ढंग हिपहॉपचा, तुकडा इतका बारीक करून उलटापालटा मांडायचा की मूळ गाणे ओळखूही येऊ नये. तिसरा ढंग प्रयोगशील रचनाकारांचा, आवाजाचे अगदी सूक्ष्म कण करून त्यांचा पोत विणणारा. मराठीत त्याचे काम तुरळक आहे. चौथा ढंग क्लब संगीताचा. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ गाजले तेव्हा मराठी शब्द आणि हाउस संगीताचा ठेका यांचे जमते हे देशाबाहेरही ऐकू गेले. पाचवा ढंग मिरवणुकीच्या ट्रॅकचा. मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते ते याच्याविषयी, कारण त्याला अजून कुणी ढंग म्हणून मानतच नाही. उघड्या रस्त्यावर, चालत्या गाडीवर, शेकडो माणसांच्या गलक्यात ऐकण्यासाठी तो रचलेला असतो. म्हणून त्यात मधले बारकावे कमी, वरची तीक्ष्ण हलगी आणि खालचा बेस यांच्यामध्ये गळ्याला मोकळी जागा, आणि दर थोड्या वेळाने सगळे थांबवून पुन्हा एकदम कोसळवणे, म्हणजे ‘ड्रॉप’. मध्येच ट्रॅक करणाऱ्या डीजेच्या नावाची हाक येते. ती अनेकांना खटकते. पण जिथे सही करायला दुसरी जागाच नाही तिथे ती सही आहे. मूळ गायकाचे आणि हलगीवाल्याचे नाव मात्र त्याच ट्रॅकमध्ये कुठेही नसते, आणि माझा आक्षेप आहे तो या अर्धवटपणावर.

कसब कुठे लागते हे समजून घ्यायला वाद्यांकडेच जावे. संगणकात आवाज सेकंदाला ४४,१०० बिंदूंनी साठतो. मिलिसेकंदभर काप पुढेमागे गेला तर ४४ बिंदू इकडचे तिकडे होतात. मिनिटाला १२० मात्रांच्या वेगात एका मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. हलगीची थाप या मापात फार सोयीची. तापवून ताणलेले चामडे, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. आवाज एकदम उठतो आणि लगेच विरतो. सॉफ्टवेअरला तिचा आरंभ सहज सापडतो. तरीही तयार काप तसेच घेतले तर हलगी मेल्यासारखी वाजते, कारण मुख्य थापेच्या किंचित आधी बारीक काडीची जी हलकी ठिणगी पडते, ती काप मुख्य थापेवर दिल्यामुळे आधीच्या तुकड्याच्या शेपटाला जाते. जाणकार काप थोडा मागे घेतो. लाट शून्य रेषा ओलांडते त्या जागी तो तोडतो, नाहीतर प्रत्येक जोडावर टक् असा आवाज येतो. संबळाचे दुखणे वेगळेच आहे. त्याच्या मोठ्या भांड्याचा घुमारा खाली-वर सरकत पुढच्या थापेत मिसळतो. थापेथापेवर कापले तर तो घुमारा अर्ध्यात मोडतो आणि कितीही चांगले मुद्रण असले तरी संबळ डबा वाजवल्यासारखा होतो. संबळ बोलाबोलाने नव्हे, आवर्तनाआवर्तनाने कापावा लागतो. तुणतुण्याचा एकच स्वर गायकाच्या पट्टीला लावलेला असतो, म्हणून गळा काळी दोनवरून काळी चारवर नेला की तुणतुणेही न्यावे लागते. आराध्यांच्या किंवा गोंधळ्यांच्या गाण्यात पुढच्याचे शेवटचे अक्षर संपण्याआधीच मागचे झील धरतात, तेव्हा स्वच्छ काप देण्याजोगी फट राहतच नाही. शिवाय खरी लोकवाद्ये एका वेगात राहत नाहीत, लय चढत जाते, आणि त्या चढण्यातच वाजवण्याचा जीव असतो. सॉफ्टवेअरची रेघोट्यांची जाळी तो चढ सपाट करून टाकते. जाळीला शरण जायचे की जाळीच लयीप्रमाणे वाकवायची, यावरून कसबी माणूस ओळखावा.

इथे पहिल्या आक्षेपाचे उत्तर येऊन जाते: सगळे तर सॉफ्टवेअरच करते, मग माणसाने काय केले? सॉफ्टवेअर आरंभ शोधते. कोणता आरंभ खरा हे सांगत नाही. हजार थापांपैकी कोणती पाच ठेवायची, कुठे काही वाजवायचे नाही, कुणाच्या गळ्याखाली बेस काढून घ्यायचा, हे निर्णय कानाचे आहेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: डीजेने हलगीवाल्याची, बँडवाल्याची, सनईवाल्याची सुपारी खाल्ली आणि वर कानठळ्या बसवल्या. कानठळ्यांपुरते हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे आहेत. ती मर्यादा मोडणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींचे समर्थन कलेच्या नावाने कुणी करू नये; म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधड होते तिथे शैलीची चर्चा संपते. पण भिंतीचा मोठेपणा आणि ट्रॅकची रचना या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तोच ट्रॅक खोलीत हळू ऐकला तरी तो चांगला की वाईट हे ठरते. सुपारीचा मुद्दा उरतो, आणि तो खरा आहे. त्यावर उपाय यंत्रावर बंदी हा नाही. ज्याची थाप वापरली त्याला नाव आणि वाटा देणे, त्याला पुन्हा मुद्रणासाठी बोलावणे, हा आहे.

या ठिकाणी काहीजण म्हणतात, लोकसंगीत सगळ्यांचे असते, त्यात कसले नाव आणि कसला वाटा? हा तिसरा आक्षेप सोज्वळ दिसतो, पण मराठवाड्यात त्याच्यामागे जातीचा इतिहास उभा आहे. हलगी, डफडे ही हौसेने निवडलेली वाद्ये नव्हती. मातंग समाजावर ती गावकीचे काम म्हणून लादलेली होती. प्रभाकर मांडे यांच्यासारख्या इथल्याच अभ्यासकाने ‘मांग आणि त्यांचे मागते’ लिहून या समाजाच्या आश्रित गायक-कलावंतांचे जग नोंदवून ठेवले आहे. बाबासाहेबांच्या चळवळीत अनेकांनी गावकीची कामे, त्यांत वाजवणेही, स्वाभिमानाने सोडली. काहींनी तेच वाद्य नव्या अर्थाने पुन्हा हातात घेतले. ज्यांना शतकानुशतके नावाने नव्हे तर जातीने हाक मारली, त्यांच्या थापेला ‘पारंपरिक’ म्हणून बेनाव करणे म्हणजे जुनीच वागणूक नव्या यंत्रात घालणे होय. परंपरा सगळ्यांची असेल. ठेकाही सगळ्यांचा असेल. पण मुद्रणात ऐकू येणारी ती विशिष्ट थाप कुणा एकाच्याच मनगटाची आहे. नाव टिपून ठेवणे अशक्य नाही याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि गाणारीचे नाव, तिचे गाव नोंदवण्यावर त्यांचा कटाक्ष राहिला. आज ‘परी’ या संकेतस्थळावर त्या ऐकताना परभणी-बीडकडच्या बायकांची नावे आवाजाबरोबर येतात. दळणाऱ्या बाईचे नाव लिहिता येते, तर हलगी वाजवणाऱ्याचे का येऊ नये?

नाव नसले की काय होते हे जगाने पाहिले आहे. १९६९ मध्ये द विन्स्टन्स या बँडच्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमन यांनी काही सेकंद एकट्याने ड्रम वाजवला. ‘आमेन ब्रेक’ म्हणून ओळखला जाणारा तो तुकडा हजारो गाण्यांत कापून वापरला गेला, त्याच्यावर जंगल आणि ड्रम अँड बेस हे प्रकारच उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये गरिबीत वारले आणि त्या वापराचे मानधन त्यांना मिळाले नव्हते. उलट बाजूचे उदाहरण आपल्या घरचे आहे. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या अमेरिकी गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये ‘ज्योती’ या १९८१ च्या चित्रपटातल्या, लता मंगेशकरांनी गायलेल्या गाण्याचा तुकडा विनापरवानगी आला. प्रकरण तिथल्या न्यायालयात गेले आणि संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव घातल्याशिवाय विक्री करू नये असा आदेश निघाला. मोठ्या संगीतकाराला आणि कंपनीला वकील करता येतो. नायगावच्या हलगीवाल्याला येत नाही, आणि सॅम्पल घेणाऱ्याच्या मनावर सगळा भार पडतो तो त्यामुळे.

कायद्याबाबत आपल्याकडे काही घट्ट गैरसमज आहेत. अमुक सेकंदांपर्यंत घेतले तर चालते, हा त्यांतला सर्वांत पसरलेला. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी कोणतीही सूट नाही. एखादे ध्वनिमुद्रण आत सामावून दुसरे ध्वनिमुद्रण करण्याचा हक्क मूळ मुद्रणाच्या मालकाचा आहे. गाणे नव्याने गाऊन कव्हर करणे वेगळे. त्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीने ३१-क हे कलम आणले, त्यात पाच वर्षांची वाट आणि मानधनाचे नियम आहेत, आणि सॅम्पलला ते लागू पडत नाही. मुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण शब्द आणि चाल यांच्यावरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालू राहतो, म्हणून जुनी तबकडी मोकळी झाली तरी तिच्यातले गाणे मोकळे झालेच असे नाही. २०१२ च्याच दुरुस्तीने कलावंतालाही, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला, आपले नाव लावले जाण्याचा आणि आपल्या सादरीकरणाची बेअब्रू करणारी मोडतोड थांबवण्याचा हक्क दिला आहे. लोककलावंताच्या दृष्टीने हे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि नेमके तेच कुणाला माहीत नसते.

आत्ताच हे पुस्तक का, याला कारण आहे. २०१९ मध्ये डीझर कंपनीने स्प्लीटर हे साधन खुले केले आणि पूर्ण झालेल्या गाण्यातून गळा आणि वाद्ये वेगळी काढणे घरच्या संगणकावर शक्य झाले. २०२३ मध्ये ती सोय एफएल स्टुडिओतच आली. पूर्वी मोकळा गळा मिळणे दुर्मीळ होते, म्हणून कापणारा गाण्यातली रिकामी जागा शोधत असे. आता कोणत्याही जुन्या कॅसेटमधला कोणताही गळा सोडवता येतो. पण अशी बहुतेक साधने चार खाने मानतात: गळा, ड्रम, बेस आणि इतर. पाश्चात्त्य बँडच्या घडणीवर आखलेले हे खाने आहेत. संबळ अर्धा ड्रममध्ये आणि अर्धा बेसमध्ये जातो, तुणतुणे आणि चौंडके ‘इतर’मध्ये पडतात, पुढचा गायक आणि झीलकरी एकाच ‘गळ्यात’ अडकतात. आपल्या वाद्यांची, प्रत्येक वाद्य वेगळे टिपलेली, वादकांच्या संमतीने आणि नावानिशी केलेली मुद्रणे झाली नाहीत, तर येणारी यंत्रे आपले संगीत ‘इतर’ म्हणूनच शिकतील. माळेगावच्या यात्रेत, माहूरच्या गडावर, कंधारच्या उरुसात आज जे वाजते आहे ते वाजवणारी एक पिढी थकत चालली आहे. अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीताला शास्त्र म्हणून पाहायला मराठीला शिकवले. त्यांच्या विचाराला आता मुद्रणाची आणि कापण्याची तंत्रे जोडून घ्यायला हवीत, आणि ते काम विद्यापीठांइतकेच गावात ट्रॅक करणाऱ्या मुलांनाही जमण्यासारखे आहे. ती मुले या वाद्यांच्या शेजारीच राहतात.

पुस्तकाची मांडणी कौशल्य आणि नैतिकता या दोन टोकांना धरून आहे. हात बसावा म्हणून ते तंत्र शिकवते, पण एकाच सॉफ्टवेअरची बटणे दाखवून थांबत नाही, कारण बटणे दर आवृत्तीत जागा बदलतात आणि थापेचा आरंभ ओळखणारा कान बदलत नाही. उदाहरणे मुद्दाम हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणे, चौंडके यांचीच घेतली आहेत. परदेशी ड्रमच्या उदाहरणांवर शिकलेल्याला आपल्या वाद्यापुढे बसल्यावर येणाऱ्या अडचणी त्यामुळे पहिल्याच दिवशी समोर येतात. प्रत्येक मुद्रणासोबत कोणी वाजवले, कुठल्या गावी, कधी, वापराला संमती कशापुरती दिली आणि मोबदल्याचे काय ठरले, एवढ्या नोंदी फाइलीच्या नावाशीच बांधून ठेवायची पद्धत ते घालून देते, म्हणजे तुकडा दहा हातांतून फिरला तरी नाव सुटणार नाही.

काही गोष्टी या पुस्तकाच्या आवाक्याबाहेर राहिल्या आहेत. कायद्याची चर्चा भारतीय कायद्यापुरती आहे. आंतरजालावरच्या मंचांचे स्वतःचे दावे-प्रतिदाव्यांचे नियम सतत बदलतात, म्हणून त्यांचे तपशील दिलेले नाहीत. सीमेपलीकडचा डप्पू आणि गोरमाटी गाणी यांना इथे स्पर्श होतो, त्यांची वाद्ये, शब्द आणि कलावंत जाणणाऱ्याने त्यांच्यावर स्वतंत्रच लिहायला हवे. वादकांच्या पार्टीत सहा माणसे एकत्र वाजवतात तेव्हा एका लूपचा वाटा त्यांच्यात कसा पडावा, सुपारीच्या जुन्या वाटणीप्रमाणे की सगळ्यांना सारखा, हा प्रश्न पुस्तकाने मांडला आहे आणि उघडा ठेवला आहे. तो वादकांनीच एकत्र बसून ठरवायचा आहे.